ग्रेड किती

बिस्किटांच्या जुन्या डब्यातून बाबा माती आणतात,
वेळग्याच्या बंद खाणीच्या डंपवरची,
जिथं आता अकेशिया, गुडघाभर गवत,
आणि पहारेकरी म्हणून एकटे ते.
डब्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली.
मी सांगितलं नव्हतं.
आत जिवंत काही आहे म्हटल्यावर
वारा लागणारच, एवढा त्यांचा हिशेब.

टोळाच्या मादीनं पोटाचं टोक खुपसून
लाल भुग्यात पुरलेली पुडी:
वाळलेल्या फेसात उभी रचलेली अंडी,
उकड्या तांदळाच्या दाण्यांसारखी. सत्तावीस.
एक माझ्याच चिमट्यानं फुटलं.

साखळीच्या कॉलेजात, मागच्या खोलीत
काचेची वाकडी नळी, कोमट पाण्याचं तसराळं.
फुर्तादो मॅडम निवृत्त होताना एवढंच म्हणाल्या होत्या,
नळ्यांना साबण लावू नकोस.
अंडी हवा पितात
आणि नळीतलं निळं पाणी
केसाएवढं चढतं.

तोंड नाही, नाक नाही, रक्तही नाही अजून.
कवचाला छिद्रं, सुईनंही लाजावं इतकी.
त्यातून वारा आत जातो
आणि आत कोण थांबलंय त्याच्यासाठी?
लोखंड. आईनं बलकात बांधून दिलेलं,
शिदोरीच्या कोपऱ्यातल्या मिठासारखं.

"ग्रेड किती?" बाबांनी विचारलं.
बावीस वर्षं जेटीवर सॅम्पलर होते.
बार्जमधून मूठभर उचलायचे, तळव्यावर तोलायचे:
अठ्ठावन्न. बासष्ट.
हा चिखल आहे, परत न्या.
मी म्हटलं, कोटभर अंडी जमवली
तर एखादा खिळा होईल.
"झाकणाला भोक पाडायला पुरे की," म्हणाले.

मग मी त्यांना सांगत बसले.
तुमचं खनिज म्हणजे धरून ठेवलेला श्वास.
कुठल्याशा जुन्या समुद्रात, मासेही नव्हते तेव्हा,
लोखंडानं एकदा हवा धरली ती धरलीच,
म्हणून लाल.
बार्जमधून मांडवी उतरून, बोटीतून परदेशी जाऊन
भट्टीत पडलं तेव्हा कुठं सुटली.
अंड्यातलं लोखंड घेतं आणि देतं,
घेतं आणि देतं,
हातोहात पाट्या पुढं सरकवणाऱ्या बायांची रांग जशी.
"तुझी आजी होती त्या रांगेत," बाबा म्हणाले,
"पाटी कुणाच्याच हातात राहायची नाही.
राहिली की मुकादम शिव्या घालायचा."

एका रात्री अंड्यांवर विषारी वायू सोडला.
तो त्याच लोखंडाला मिठी मारतो, अंधारात.
निळं पाणी जागीच थबकलं.
मग दिवा लावला.
उजेडानं मिठी सैल होते, हे पुस्तकात वाचलं होतं,
पण पाणी खरंच हललं तेव्हा
मी खोलीत एकटीच मोठ्यानं
"आयलो!" म्हणाले. कुणाला, कोण जाणे.

तिसऱ्या आठवड्यात अंडी आपणहून मंदावली.
कोर्टाचा हुकूम नाही, फाटकाला सील नाही.
आत अर्धा टोळ, डोळ्यांचे दोन तांबूस ठिपके,
आणि श्वास जवळजवळ बंद.
मेलेली नाहीत. मेलेल्याला वास येतो.

बाबा आज प्रथमच खोलीत आले.
चपला बाहेर काढून, देवळात यावं तसे.
नळीपाशी वाकले,
आपल्या फुंकरीनं काही बिघडेल म्हणून
तोंडावर रुमाल धरला.
त्या रुमालाचा रंग अजून गेलेला नाही, कितीही धुवा.
बराच वेळ पाहिलं.
"परत कधी सुरू होणार?"
थंडी सरली की, मी म्हटलं. किंवा नाही. कधीकधी वर्ष जातं.

त्यांनी पेन मागितलं.
माझ्या वहीत, माझ्या आकड्यांखाली,
सॅम्पलरच्या ठसठशीत अक्षरात
वेळ लिहिली, पाण्याची रेघ लिहिली,
आणि शेऱ्याच्या रकान्यात:
माल आहे.